दर महिन्याचं पित्त

मानपाड्याच्या दवाखान्यात मी बायकोची वाट बघत बसलेलो. माझे कान असे तिखट, की भिंतीपलीकडच्या पालींचं घरगुती भांडणही ऐकू येतं. इथे तर आई-लेक शेजारच्याच बाकावर. लेक नुकतीच डॉक्टरीणबाईंकडून बाहेर आलेली.

“आई, एंडोमेट्रिऑसिस असेल म्हणतायत, गर्भाशयाच्या अस्तरासारखं बाहेर वाढतं आणि दुखतं तो आजार. घरात आणखी कुणाला पाळीत असं दुखायचं का, विचारलंय.”

“छे! आपल्याकडे फक्त पित्त. मला, तुझ्या कांतामावशीला, आजीलासुद्धा.”

“दर महिन्याला?”

“हो.”

“त्याच चार दिवसांत?”

“अगं बाई!”

“बघ!”

“म्हणजे माझ्यामुळे झालं तुला, संचिता?”

“कुणामुळे नाही गं. रक्ताच्या नात्यातून धोका येतो, एवढंच. आत चल, त्यांना हेच सांग. माझं निदान लवकर होईल.”

“मला तर सगळे नाटकी म्हणायचे. देव भलं करो त्या बाईंचं, कुणी विचारलं तरी!”

“चल मग.”

“थांब, आधी मावशीला फोन लाव. हॅलो, कांते? पोट दुखतं म्हणून तुझी ऐश्वर्या शाळेतून घरी आलेली ना? तिला ओरडू नकोस. उद्या इकडे घेऊन ये. आणि तूही ये.”