माझे मी घेऊन जाणार

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, नेत्रपेढीतून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टरीणबाई, आणि इथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

बाईंच्या कामाचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी फक्त त्या आमच्या घरी आल्या, त्या सकाळबद्दल बोलते.

माझी लेक नर्सिंग शिकत होती. हृदय जन्मापासून अधू. "अम्मी, माझं मशीन बाद आहे, पण काचा नव्या आहेत. त्या देऊन टाक," असं हसत म्हणायची. मी रागवायची. मग ती गेली, आणि मी बाईंना फोन केला.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "शरीर अल्लाहची अमानत. त्यातलं काढून देणारी तू कोण? कयामतच्या दिवशी, सगळे पुन्हा उठतील तेव्हा, पोरगी बघणार कशानं?"

मौलवीसाहेब दफनाचं ठरवायला आले होते. ते आधी खाली बसले. "आपा, मयताचा मान जिवंताइतकाच. आलिमांमध्ये, धर्म जाणणाऱ्यांमध्ये, मतभेद आहेत, ते मी लपवत नाही. काही जण मनाईच करतात. पण जिवंत माणसाची गरज आहे, पोरीची मर्जी होती, सौदा नाही, विटंबना नाही, तर मला जायज वाटतं. आणि जो मातीतून माणूस उभा करणार, त्याला डोळे जड आहेत का?"

सासूबाई बाजूला झाल्या. हो मात्र म्हणाल्या नाहीत.

बाईंनी चपला काढल्या, लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "बाळा, हात लावते हं." सांगा, गेलेल्या माणसाची परवानगी कोण मागतं?

दफनाला उशीर झाला नाही. चेहराही होता तसाच राहिला. गुसल देताना, मयताला अखेरची अंघोळ घालताना, सासूबाईंनी तिच्या भुवयांवर आडवा हात धरला. "सावकाश ओता गं, डोळ्यांत जाईल तिच्या."



परवा मी सासूबाईंना भीत भीत विचारलं, "बाई निवृत्त होताहेत. तुमचंही नाव देऊन ठेवू?"

"नको. माझे मी घेऊन जाणार. मौलवी म्हणतात ते खरं असेलही. पण नसलं तर? तिथं पोरीचा हात धरून कोण चालवणार?"

बाई, या नकाराचा राग मानू नका. तुमचे आभार मानायला उभी राहिले होते, ते नीट जमलं की नाही, ठाऊक नाही. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, मध्येच आवाज गेला असेल, तर आपल्याच घरातली समजून सांभाळून घ्या.