अँटीव्हायरसची टुणटुण

देवासला कॉम्प्युटरच्या दुकानात लेकीला कडेवर घेऊन मी थांबले होते. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या काकू दुकानदाराला सांगत होत्या,

"भिया, दिवसातून दहादा टुणटुण वाजतं. मला वाटतं, बंगलोरहून आमच्या शार्दूलचा कॉल आला. सोवळ्यात असले तरी धावते. कॉम्प्युटरला शिवलं, की पुन्हा आंघोळ."

"काल तीनदा झाली हिची," नवरा म्हणाला.

"काकू, तो अँटीव्हायरस आहे. अपडेट झाला की वाजतो. घ्या, फक्त त्याचा आवाज बंद केला. कॉलचा चालू आहे."

"म्हणजे आता वाजलं तर शार्दूलच?"

"बिल्कुल."

"आणि नाहीच वाजलं तर?"

"तर आपण कॉल लावू," नवरा म्हणाला.

"कामात असला की चिडतो हो तो."

"चिडू दे. बोलेल तरी."