अंगठा थांबतो तिथे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय संचालक, यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले सर्व सहकारी, त्यांच्या घरून आलेल्या माझ्या भगिनी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच तुमचा खोळंबा झाला. हा माइक सुरू कसा करायचा ते मला कळेना. सूत्रसंचालन करणारी मुलगी धावून आली म्हणून बरं. हे शेजारच्याच खुर्चीत आहेत, बटण यांना दिसत होतं. पण सांगितलं का? नाही. माझ्या अंगठ्याकडे बघत बसले. तुम्ही हसलात. मला त्या अंगठ्याबद्दलच बोलायचंय.

मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. सकाळी देवापुढे बसायचं आणि दिवस संपताना घरखर्च लिहायचा, एवढी माझी शिस्त. ग्राफिक डिझायनर म्हणजे काय, हे लग्न ठरताना माझ्या वडिलांनाही नीट सांगता आलं नव्हतं. 'मुलगा चित्रं काढतो, पण पगार मिळतो,' असं त्यांनी आईला समजावलं. तेव्हा हे छापखान्यात जाहिराती मांडायचे. मग कॉम्प्युटर आले, मग फोन आले, आणि यांची चित्रं लहान लहान होत गेली. पाकीट, घंटा, कचऱ्याची टोपली. नखाएवढ्या घंटेवर दिवस घालवायचे आणि मला विचारायचे, 'वाजतेय असं वाटतं का?' छापून बाद झालेले कागद घरी यायचे. मी ते टाकून कशी देणार? आमच्या फळ्यांवर तेच अंथरलेत. डाळीचा डबा उचलला की खाली 'पुढे जा' असं निळं बटण दिसतं.

आत्ताच्या भाषणांत सगळे म्हणाले, पिक्सेलकाकांना, म्हणजे आमच्या यांना, वापरणाऱ्याचं मन कळतं. तो वापरणारा म्हणजे मी. संध्याकाळचा चहा झाला की आपली नवी चित्रं तपासायला हे टेबलावर फोन सरकवायचे. 'तिकीट काढ,' म्हणायचे, नाहीतर 'डॉक्टरांची वेळ घे.' मग गप्प. 'आता काय दाबू?' म्हटलं तर उत्तर नाही. मदत करायची नाही, हा यांच्या कामाचा नियम. माणूस अडकला तर चूक चित्राची, माणसाची नाही; आणि मदत केली तर ती चूक सापडणार कशी? नियम चांगलाच आहे. त्यात बायको कधी वेंधळी ठरत नाही. पण दिवसभर एकटी असलेल्या बाईसमोर संध्याकाळी नवरा बसतो आणि चेहरा सोडून अंगठ्याकडे बघतो, हे तुमच्या घरी होतं का हो? मी देवाला म्हणायची, तूही बोलत नाहीस, पण निदान तोंडाकडे तरी बघतोस.

एकदा असाच एक पत्ता शोधायला दिला होता. फोन माझाच. मधेच वरच्या बाजूला माझ्या भावाचा निरोप उमटला. आई गेली. माझा अंगठा थांबला. यांना तेवढंच दिसलं, अंगठा थांबलाय. नियमाप्रमाणे हे वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'कुठे अडकलीस?'

मी फोन यांच्याकडे फिरवला.

यांनी वाचलं. उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. मग आत जाऊन माझी पिशवी भरून आणली. चष्मा, औषधं, जपमाळ, काही विसरलं नव्हतं. पण माहेरपर्यंतच्या त्या सबंध प्रवासात माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं, आणि हे शेजारीच बसले होते.

आता चित्रं यंत्र काढतं. एक वाक्य लिहिलं की घंटा तयार. यांच्याकडे नुसती तपासणी उरली, आणि भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची. साहेब, ही तक्रार नाही, काळच तसा आलाय. पण तेव्हापासून आमच्या टेबलावर फोन सरकला नाही. आधी वाटलं, सुटले बाई. मग चहा दोन कप व्हायचा आणि त्याच्यापलीकडे काहीच नाही. एके दिवशी मीच फोन घेऊन यांच्यासमोर बसले आणि मुद्दाम अडकले. अंगठा तसाच धरून ठेवला. हे खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मला कळलं, माझ्याकडे इतकं लक्ष लावून दुसरं कोणी कधी बघितलंच नव्हतं.

उद्यापासून हे दिवसभर घरी. मुलगी तिच्या संसारात, लांब. आम्ही दोघं आणि ते टेबल. मला त्या टेबलाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? घरी हे बोलायला जमलं नसतं, म्हणून तुम्हा सगळ्यांच्या साक्षीनं यांना सांगते. अहो, तुमची चाचणी संपली आता. मी अडकले तर सांगत जा. आणि तुम्ही अडकलात तर तसं म्हणा. मी फोनकडे बघणार नाही.

कंपनीनं इतकी वर्षं यांची कदर केली, आणि माझ्यासारखीला इथे उभं केलं, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याची सवय नाही, घरातलं बरंच बाहेर आलं. ऐकताना तुम्ही कुठे अडकला असाल, तर यांच्याच नियमाप्रमाणे चूक माझी, तुमची नाही. मोठ्या मनानं पोटात घालावी.

आता हा माइक बंद कसा करायचा बरं...

काय? खाली? अंगठ्याशीच आहे?

ऐकलंत ना सगळ्यांनी? हे बोलले.

नमस्कार.