दामूची फिट

तुम्ही खुशाल कोट फिट, नट फिट म्हणता, पण याच शब्दापायी आमच्या दामूचं ठरलेलं लग्न मोडायला आलं होतं. दामू बोटीवर खलाशी लागायला मुंबईला गेला. तिथे डॉक्टरांनी तपासल्यावर त्याने श्रीवर्धनला घरी तार केली. आळीत इंग्रजी अक्षर लावणारा मी एकटाच, तेही दुसऱ्या बुकापर्यंत. मी मोठ्याने वाचलं, "दामू फिट. रविवारी येतो."

त्याचे होणारे सासरे गंगाराममामा ताडकन उठले. "फिट? म्हणजे फेफरं! माझी पोर न्हाय द्यायची त्याला!"

अर्थ मला ठाऊक होता, पण मामांचा चेहरा बघून सांगवेना. म्हटलं, "मामा, रविवारी डोळ्यांनी बघा, मग मोडा."

रविवारी दामू होडीतून उतरला तो बोट लागल्यामुळे झोकांड्या खातच.

"आली, आली!" मामा ओरडले. चौघांनी दामूला वाळूत आडवा केला आणि मामांनी पायातली वहाण काढून त्याच्या नाकाला लावली.

"अवो, मी फिट हाय!" दामू बोंबलला.

"म्हाईत हाय आमाला! हुंग गप!"

आता मात्र मी अर्थ सांगायला पुढे झालो, तेवढ्यात दामू गुदमरत म्हणाला, "मामा, वहाण काढा, नायतर आता खरंच फिट येईल!"

मामांनी वहाणेकडे पाहिलं, मग दामूकडे. म्हणाले, "माझी वहाण हुंगून जो एवढा बोलतो, त्याला काय धाड भरलीय? लगीन लावा!"