तलवारीला बाशिंग

थू! — तुमच्यावर न्हवं, पाव्हणं, बसा, सरकू नगा. त्या जीपवाल्यांवर थुकलो. ती बघा, फाटकाजवळ हुबी हाय — आमचा सरपंच लालासाहेब, त्यानं गावातनं माणसं भरून आणल्यात, जत्रंला आणावी तशी. शेंगा खात्यात, टरफलं कोर्टाच्या पायरीवर टाकत्यात आन् हसत्यात. सकाळधरनं शिसारी आलीया मला. कोर्टाची, वकिलाची, त्या चा देणाऱ्याची सुदिक. तुमचं काय, बांधाचा कज्जा? बरं हाय. बांध हिकडं सरकंल न्हाईतर तिकडं सरकंल, रातच्याला जेवान तरी जाईल. पुकारा व्हायचाय न्हवं अजून? मग बसा निवांत. त्या दोन बायांचं ऐकलं असंल की तुमी — न्हाई? कुठल्या गावचं म्हणायचं तुमी! समद्या साताऱ्यात झालंय. एक विधवा, फौजी माणसाची. दुसरी दहिवडीकडच्या धनगराची, लगीनच न केलेली. ह्या दोघी सरळ लग्नाच्या कचेरीत गेल्या आन् म्हणाल्या, आमचं लगीन लावा. आमचं म्हंजी त्या दोघींचंच! बाईचं बाईसंगं! तिथला नेमच हाय, नावं बोर्डावर लावायची, कुणाची हरकत असंल तर महिन्याच्या आत सांगायचं. हरकत आली. साहेबानं लगीन नाकारलं. मुकाट घरला जायचं का न्हाई? तर ह्या वर कोर्टात आल्या, अपील म्हणं!

हरकत कुणी घेतली? बापानं. त्या विधवंच्या बापानं. घेणारच की — कुठल्या बापाला खपंल हे? चांगलं केलं त्यानं. चांगलंच केलं. पर त्या बायांचा वकील सांगलीचा, विश्रामबागंत ऱ्हातो म्हणं, मिसरूड नीट फुटलं न्हाई अजून, त्यानं बापाला पिंजऱ्यात हुबा केला. इचारतो, बाबा, लग्नाला काय लागतं? मी म्हटलं, एक नवरा लागतो, एक नवरी —

व्हय. मीच. मीच बाप. आता कळलं न्हवं, मग असं टकामका बघू नगा. आकाराम माझं नाव. हरणाबाई माझी लेक.

तर म्हणतो, नवरा लागतो? मग हरणाबाईच्या पयल्या लग्नात नवरा मांडवात हुता का? आता काय सांगायचं! जोतीराम फौजेत, एकाहत्तरचं साल, लढाई तोंडावर आलेली, रजा घावली न्हाई. तितीच्या दिशी त्याची तलवार आली वरातीत. आमच्यात रीतच हाय ती, तुमच्यातबी असंल. तलवारीला बाशिंग बांधलं, पाटावर हुबी केली, त्याच्या मामानं धरली, आंतरपाट धरला, मंगळाष्टका झाल्या. हरणीनं तलवारीला माळ घातली. काय खोटं हुतं त्यात? पर ह्यो वकील म्हणतोय, लगीन लागलं? म्हटलं, लागलं म्हंजी! पुऱ्या गावानं अक्षता टाकल्या. मग म्हणतो — कसा गोड बोलतोय बघा — म्हणतो, बाबा, लोखंडासंगं लागलेलं लगीन खरं, आन् जी तुमच्या लेकीसंगं रोज एका ताटात जेवती तिच्यासंगं लागलं तर ते खोटं, हे कसं? समदं कोर्ट हसलं. जज्जसाहेब चष्मा पुसाय लागलं. आपलीबी माणसं हसली, पाव्हणं, जीपमधली, माझ्या बाजूची! आन् मी आपला पिंजऱ्याचं लाकूड धरून हुबा.

खरं सांगू का, हरणीनं जोतीरामाचं तोंड कवा बघितलंच न्हाई. फोटू बघितला, त्योबी टोपी घातलेला, डोळ्यावर सावली. लढाईत पडला त्यो. तार आली तवा ही सासरी शेणकुटं थापत हुती. तसंच ओढून बसवली, बायांनी बांगड्या फोडल्या, काच घुसून मनगाटं रगताळली, कुकू पुसलं. जे माणूस बघितलं न्हाई त्याच्यापायी! तवा कुणाला शिसारी आली न्हाई. मलाबी न्हाई आली. रीतच ती. माघारी आणायला का गेला न्हाई म्हणता? असं कसं आणायचं वो, दुसऱ्याच्या घरची सून ती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सासरच्यांनी तिला खडी फोडाय धाडली सरकारी कामावर, आन् तिथं ही अंजना — त्या धनगराची. काळी, उंच, बाप्यावानी चालणारी. हरणीच्या हाताला फोड आलं की ही आपल्या राशीतली खडी तिच्या राशीत ढकलायची, मुकादमाचा डोळा चुकवून. मला कसं ठावं? ठावं हाय. बघितलंय मी. भाकरी घेऊन गेलो हुतो एक डाव, आन् लांबनंच माघारी आलो. हसत हुती वो ती. कुकू पुसल्यापसनं पयल्यांदा हसताना बघितली — त्या बाईनं डोईवरचा पदर तिच्या डोईवर टाकला हुता उन्हाचा, आन् ही दात काढून हसतीया. भाकरी तशीच माघारी आणून म्हशीला घातली. जाऊ द्या. दुष्काळ सरला तरी हरणी सासरी परतलीच न्हाई, गेली तिच्यासंगं; आता पाचगणीला कुठल्या शाळंत सयपाक करत्यात दोघी. हरणी अंगानं भरलीया. आज कोर्टात बघितलं, केसाला त्याल हुतं. म्हंजी... किळस येती मला त्याची. येतीच. बापाला यायलाच पायजे.

शेवटाला जज्जसाहेब म्हणालं, आजोबा, तुमची हरकत मागं घेता का? हरणी माझ्याकडं बघत हुती, ल्हानपणी इंचू चावला तवा बघत हुती तशी. मागनं लालासाहेब खाकारला. घरी कारभारीण हाय, बनुबाई, तिला गावच्या बायांत पाणवठ्यावर जायचं असतंय. म्हटलं, न्हाई घेत. तवा तिनं मान खाली घातली. आन् मग जज्ज काय म्हणालं ठावं हाय? म्हणालं, हरकत असती काय आन् नसती काय, कायद्यात बाप्या आन् बाई असंच धरलंय, हे बसत न्हाई, अपील फेटाळलं. म्हंजी माझी हरकत लागतच न्हवती! मग मला इचारलं कशाला? सांगा की! लेकीच्या म्होरं मला न्हाई म्हणाय लावलं, आन् त्या न्हाईचा काडीचा उपेग न्हवता. जिंकलो म्हणून ते जीपवाले पाठ थोपटत्यात माझी. शेंगांचं हात. थू!

अरं, आल्या. पायऱ्या उतरल्या. जरा म्होरं सरका, पाव्हणं, आड व्हा माझ्या — हिकडंच येतीया की ती. आन् ती धनगरीणबी मागोमाग. यऊ नगंस म्हणावं, लालासाहेब बघतोय — काय गं? यष्टी हाय का आता पाचगणीची? जा की मग, हितं काय... आगं, वाकू नगंस. उठ, माणसं बघत्यात. ए पोरी, तूबी उठ. उठा गं दोघी — व्हय, व्हय, सुखानं नांदा.

काय? काय म्हणालो मी? न्हाई वो. जोडीनं कुणी पाया पडलं की तोंडातनं जातंय ते, जलमभर तेच म्हणत आलोय मांडवामांडवात. म्हटलंच न्हाई मी. तुमाला ऐकू आलं? त्या जीपवाल्यांस्नी आलं असंल का? सगळीच हसायची थांबली बघा. आन् ही आता कशाला रडतीया, आत तर डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई — आन् तुमी काय बसून ऱ्हायलाय माझ्या तोंडाकडं बघत? पुकारा झाला न्हवं तुमचा? उठा. जावा म्हणतो न्हवं, जावा!