कामगारांच्या भवनावरचा युसुफ

मी शांताराम घाग, चिपळूणच्या आतल्या बाजूचा, बाप गवंडी, आजा गवंडी, आणि मी थापी धरली ती अजून सुटली नाय. सौदीला आलो तो युसुफमुळं. तो आमच्याच गावचा, सुतार, आधी तो आला आणि मंग मला बोलला, शांत्या, ये, चांगल्या प्लास्टरवाल्याला इथं काम कमी नाय. तिथल्या तबूक शहरात एकाच खोलीत ऱ्हायलो आमी, खालची खाट त्याची, वरची माझी. त्याची आई हमीदाचाची फोन करायची तर आधी माझी चौकशी, मंग पोराची.

आणि तो गेला. काय सांगू तुमाला, सकाळी माझ्या डब्यातली चपाती उचलून खाल्लीन आणि दुपारी ऊन लागून साइटवर सावलीला बसला तो बसलाच. धडधाकट माणूस हो. चाची बोलली तिकडंच दफन करा, पवित्र मुलूख हाय. दफनाच्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर काँक्रीटला अडकलेलो, सुटून पोचलो तर खलास, माती देऊन झालेली. इथं कबरीवर नाव घालायची पद्धत नाय, नुसती रेती आणि दगड. त्यातला त्याचा कुठला ते मला कोण दाखवणार.

मंग ते भवनाचं काम आलं, शहराबाहेर वाळवंटात. जाडजूड खांबांची रांग, वर देवळाला असतं तसं त्रिकोणी कपाळ, दरवाजा एवढा उंच की आत उंट उंटावर बसून जाईल, आणि खांबांच्या वर सगळी भिंत कामगारांची, हातोडावाला, गव्हाची पेंढी धरलेली बाई, पुस्तकवाली पोरगी, सगळे छाती काढून उभे. नकाशा काढणारी इरिना मॅडम युरोपातली, देशाचं नाव माझ्या तोंडात बसत नाय. ती इंग्रजीत सांगायची आणि आमचा मल्याळी फोरमन हिंदीत. बोलली, आमच्याकडं कामगारांचं सरकार होतं, तेव्हा गावोगाव असली भवनं बांधली, कारखाना सुटला की माणसं तिथं गाणी, नाटक, बुद्धिबळ, वाचनालय. आधी साधी चौकोनी बांधायचे, मंग वरून हुकूम आला, कामगाराला पण राजासारखे खांब पायजेत. सरकार पडलं आणि भवनं ओस पडली, कुठं फर्निचरचं दुकान, कुठं कबुतरं. तिची आजी असल्याच भवनात नाचायची म्हणे.

मी समजलो, हे आमच्यासाठी हाय. हसू नका. आमच्या कामगारांच्या कॅम्पात एवढी माणसं, जुम्म्याला सुट्टीच्या दिवशी बसायला जागा नाय, वाटलं सरकारनं मनावर घेतलं. मागं भिंत नव्हती, नुसती परांची, पण आमच्या कामाची रीतच तशी, तुमी तुमची भिंत बघा, मागं काय होणार ते दुसऱ्या कंत्राटदाराचं, विचारलं तर वर ऐकून घ्यावं लागतं.

मॅडम बोलली, चेहरे खऱ्या कामगारांचे काढा. मी हातोडावाल्याला युसुफचा चेहरा दिला. बाकी सगळं फोमवर पातळ प्लास्टर, तसंच सांगितलेलं, पण त्याला मी आत लोखंडी जाळी घातली, खरं सिमेंट लावलं, गोणपाट गुंडाळून रोज पाणी मारलं. म्हटलं ह्याला तरी उन्हानं खायला नको. फोटो चाचीला पाठवला. ती आधी बोलली, आमच्यात असली तोंडं भिंतीवर काढत नाय रे शांत्या, आणि लगेच बोलली, उमऱ्याच्या यात्रेला मक्केला येतेय, जावई सोबत हाय, तिथनं तुझ्याकडं यायला गाडी कुठली?

चाची मक्केत पोचली तेव्हाच आमाला सगळ्यांना लांब टेकाडामागं उभं केलं. मला वाटलं उद्घाटन. आणि एकदम आवाज झाला, पायाखालची जमीन हलली, खांब, कपाळ, गव्हाची बाई, सगळं वर उडालं नि धूळ होऊन खाली आलं. मी तोंड उघडं टाकून बघतोय. फोरमन बोलला, अरे, सिनेमा का सेट है, तुझे मालूम नहीं था? मला कुणी सांगितलंच नव्हतं हो.

धूळ बसली तर युसुफ उभा. एकटा, मागच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोड्यासकट. सिनेमावाले चिडले, त्यांना पुढच्या सीनला सपाट ढिगारा पायजे होता. सिमेंट कुणी लावलं? मी. मंग तूच फोड. मॅडमच्या पाया पडायला गेलो, म्हटलं हा माझा माणूस हाय, त्याची आई बघायला येतेय, दोन दिवस थांबा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिच्या हातात पण काय नव्हतं. फोरमननं घण दिला, बोलला, यल्ला, चल लवकर.

फोडला. पक्कं केलेलं ते, लवकर फुटेना. कपाळ, नाक, सगळं माझ्याच हातानं. तो चुरा ढिगाऱ्यात टाकवेना, म्हणून बाजूला रेतीत खड्डा केला, मुठीमुठीनं त्यात भरला नि वर रेती लोटली.

चाचीला फोन लावला. सगळं सांगितलं, म्हटलं चाची, येऊ नको, बघायला काय राहिलं नाय.  ती बोलली, दुसऱ्या कुणी तर हात लावला नाय ना? नाय, म्हटलं. बोलली, आमच्यात जवळचा माणूस मूठभर माती देतो रे, माझ्या युसुफला तुझी तेवढी राहिली होती, ती आज पोचली, सुखी रहा माझ्या लेकरा.