कोरफडीचे पांढरे क्रीम

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा घरी क्रीम बनविणे, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला. आज बुधवारी सकाळी साडेदहा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती आणि धाकटी नणंद यांच्यासह राहते. गेली सात वर्षे उन्हाळ्यात मी कोरफडीचे क्रीम करते. पान कापून अर्धा तास पातेल्यात उभे ठेवायचे, म्हणजे पिवळा चीक गळून जातो. तो राहिला तर चेहऱ्याला खाज सुटते. मग चमच्याने गर खरवडायचा, बदामाचे तेल आणि मेण एकत्र वितळवून कोमट झाले की त्यात गर थोडा थोडा घालून घोटायचा, शेवटी गुलाबपाणी. क्रीम फिकट हिरवे होते, चिरलेल्या काकडीसारखा वास येतो आणि फ्रीजमध्ये आठ दिवस टिकते. नववा दिवस मी धरत नाही. केस बांधून, अंगठ्या काढूनच मी कामाला बसते. हे सगळे लिहून घ्यावे असा माझा आग्रह आहे, कारण इमारतीत आता लोक तोंडाला येईल ते बोलत आहेत.

यंदा माझे मनगट दुखू लागल्याने घोटण्याचे आणि डब्या भरण्याचे काम नणंदेने अंगावर घेतले. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. तेव्हापासून क्रीम पांढरेशुभ्र होऊ लागले आणि काकडीचा वास गेला. बायका तिसऱ्याच दिवशी परत येऊन "काय हात आहे हो तुमचा!" म्हणू लागल्या. मी फुगले. पांढरे कसे झाले, हे विचारल्यावर नणंद म्हणाली, जास्त घोटते म्हणून. मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचे होते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास वॉशिंग मशीनचे पाणी तुंबले म्हणून मी मशीन पुढे ओढले. मागे काळी पिशवी होती. गाठ सोडल्यावर आधी झुरळे बाहेर आली. आत पिळून चपट्या केलेल्या मलमाच्या एकतीस ट्यूब होत्या. इसबासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असे त्यांवर छापलेले होते आणि सगळ्यांची मुदत गेल्या वर्षीच संपली होती. ट्यूब दाबायला वापरलेला माझ्या पतीचा जुना टूथब्रशही त्यात होता. त्याच्या केसांत मलम वाळून पिवळे पडले होते. माझ्या घोटायच्या चमच्याचा वास घेतला, तर त्यालाही त्या मलमाचाच आंबूस वास. मी बेसिनमध्ये ओकले.

नणंद सहा वाजता आली. पिशवी तिच्यासमोर ठेवली. ती बिस्कीट खात होती, खातखातच म्हणाली, "वहिनी, नाक काय मुरडताय? कंपनीला परत जाणारा माल होता, वायाच गेला असता. तीन दिवसांत फरक दिसला नाही तर बाई पुन्हा उंबरा चढत नाही. तुमच्या नुसत्या कोरफडीनं काय होतं? गार वाटतं, बस."

मी म्हणाले, "अगं, लोक तोंडाला लावतात ते!"

"मग? मलम काय भिंतीला लावतात?" असे म्हणून ती हसली आणि बोटांना चिकटलेला बिस्किटाचा चुरा चाटला.

तिसऱ्या मजल्यावर एकोणीस वर्षांची मुलगी राहते. तिला सगळे छोटी म्हणतात. ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर आरसा धरते. उन्हाळा लागल्यापासून ती आमचे क्रीम लावते. शनिवारी सकाळी अकरा वाजता ती तोंडाला रुमाल बांधून आमच्याकडे आली. रुमाल सोडला तेव्हा गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पू भरलेले फोड आणि गालांवर बारीक काळी लव. दुकानाच्या मालकाने तिला मागच्या खोलीत खोकी लावायला बसवले आहे. ती म्हणाली, "काकू, एक दिवस लावलं नाही तर नुसती आग होते. लावलं की थांबते. तुमचं क्रीमच तेवढं सोसतंय मला. डबी द्या ना." त्या वेळी खोलीत आणखी दोन गिऱ्हाइक बायका बसलेल्या होत्या. छोटी डबी घेऊन गेली.

सोमवारी तिची आई तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे कोरफडीचे काम नव्हे, यात स्टेरॉइडचे मलम आहे, कातडी सावरायला वर्ष लागेल, तेही सावरली तर, असे डॉक्टरांनी सांगितले. आई डबी घेऊन आमच्या दारात आली. माझ्या पतीने दार अर्धेच उघडले, "तुमच्या मुलीची कातडीच नाजूक, त्याला आम्ही काय करणार?" असे म्हणून लावून घेतले. मग मला म्हणाले, "कुणी विचारलं तर कोरफड सोसली नाही म्हण आणि विषय संपव. उगाच हिची नोकरी जायची." त्यानंतर जेवताना बहीणभाऊ पंख्याचा आवाज फार वाढला आहे, यावर बोलत होते. मला समोरच्या ताटाची, त्या दोघांची आणि त्या घराची किळस आली. दोन दिवस तिथले अन्न घशाखाली उतरलेले नाही.

काळी पिशवी, टूथब्रश, चमचा आणि शिल्लक चौदा डब्या मी सोबत आणून ठाण्यात जमा केल्या आहेत.

इथवर लिहून झाल्यावर हवालदारांनी जबाब वाचून दाखवला आणि विचारले, "शनिवारी डबी नणंदेनंच दिली ना? तसं घालतो." मी नाही म्हणाले. नणंद त्या वेळी दुकानात होती. मला मंगळवारपासून सगळे माहीत होते. त्या दोन बायकांसमोर नाही म्हणायची मला लाज वाटली. डबी मी फ्रीजमधून काढली, पदराने पुसली आणि छोटीच्या हातात दिली. चोळू नकोस, हलक्या हाताने लाव, असेही सांगितले.

हवालदार म्हणाले, "बाई, हे लिहिलं तर तुम्हीही यात अडकाल." मी म्हणाले, लिहा.

एवढी भर घालून जबाब मला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरा आहे.